लग्नाचा फोटो दुसऱ्यांदा निघत नाही

मागे एका रविवारी आमची धाकटी बहीण मुलाला घेऊन आमच्याकडे आली. जेवणे झाली, सुपारी कातरून झाली, तरी मायलेक एकमेकांशी बोलेनात. घरात काही तरी वाजले आहे हे आम्ही ओळखले. शेवटी बहिणीनेच विषय काढला.

"दादा, हा म्हणतो बँकेतल्या दोन्ही पावत्या मोड. दोन लाख होतात. वरचे पन्नास हजार हप्त्याने भरतो म्हणतो. अन् एवढ्या पैशात काय घेणार, तर एक कॅमेरा! आता तूच सांग याला."

भाचा मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "मामाजी, तुम्हीच समजवा आईले. आता लोक आधी फोटोवाल्याच्या हातातला कॅमेरा पाहतात अन् मग ऑर्डर देतात."

वाचकहो, दोघांचेही खोटे नव्हते. त्या दोन पावत्या म्हणजे आमच्या मेहुण्यांच्या फंडाचे पैसे. ते गेल्यावर बहिणीने अंगणवाडीच्या मानधनात घर चालवले, पण त्या पावत्यांना हात लावला नाही. आणि पोरगाही काही उडाणटप्पू नाही. दोन वर्षे एका छायाचित्रकाराच्या हाताखाली लाईट धरून, बॅगा उचलून, अल्बम चिकटवून तो काम शिकला आहे. मेहनतीने चार पैसे मिळवावेत, स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढीच त्याची इच्छा.

आज आपल्या अनेक वस्त्यांतून तरुण मुले या धंद्यात उतरत आहेत. दुकानाची पागडी नको, कुणाची मेहेरबानी नको, अंगात कला असली की झाले, असा हा धंदा दिसतो. पण सुरुवातीलाच आईची पुंजी किंवा बहिणीचे दागिने जातात आणि एक चुकीची खरेदी सगळे घर मागे ओढते. म्हणून त्या दुपारी आमच्या घरात जी चर्चा झाली ती जशीच्या तशी वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हाला वाटले. ज्यांच्या घरी फोटोग्राफर नाही, पण लग्नाचे मूल आहे, त्यांनाही ती उपयोगी पडेल.

आमचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९८९ पासून नोकरी सांभाळून आम्ही लग्नाचे फोटो काढत होतो. पेंटॅक्स के-१००० हा आमचा पहिला कॅमेरा. एका रोलवर ३६ फोटो. तीन-चार रोलमध्ये सबंध लग्न बसवायचे. बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा विचार करी. पुढे डिजिटल कॅमेरा आला, तोही घेतला. आणि एप्रिल २०१७ नंतर आम्ही लग्नाची एकही ऑर्डर घेतली नाही. का घेतली नाही, ते आधी सांगितले पाहिजे. कारण कॅमेरा निवडण्याचा पहिला धडा त्यातच आहे.

आमच्या थोरल्या भावाच्या मुलीचे लग्न होते. घरचेच कार्य, फोटो आम्हीच काढणार. तेव्हा आमची आई ८४ वर्षांची होती. पांढरे पातळ नेसून, दोन नातवांच्या खांद्यांवर हात ठेवून ती मंचावर चढली. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे तिने मेणबत्ती लावली. मग नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती काही तरी बोलली. काय बोलली ते ढोलताशात आम्हाला ऐकू आले नाही, पण फोटो आम्ही घेतला. लागोपाठ चार घेतले.

रात्री घरी येऊन कार्ड संगणकाला लावले, तर संगणक म्हणतो, कार्ड फॉरमॅट करा. आमच्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसत असे. दुसरी प्रत कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी बिघडलेल्या कार्डातून फोटो काढून देणाऱ्याकडे धावलो. त्याने चार दिवस खटपट केली आणि चाळीसेक फोटो मिळवून दिले. ते सगळे जेवणाच्या पंगतीचे होते.

त्याच हिवाळ्यात आई गेली. त्या मंचावरचा तिचा एकच फोटो आज घरात आहे. कोणा पाहुण्याने मोबाईलवर घेतलेला. त्यात आईची फक्त पाठ दिसते.

त्या दुपारी हे सारे पुन्हा निघाले तेव्हा बहिणीने पदर डोळ्यांना लावला. भाचा तेव्हा लहान होता, त्याला एवढे ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग आम्ही त्याला विचारले, "बाबा, तू जो कॅमेरा घेणार आहेस त्यात कार्डं किती बसतात?"

तो म्हणाला, "एक. पण मामाजी, त्याचे मेगापिक्सल लई आहेत."

"मग तो कॅमेरा आपला नाही," आम्ही म्हणालो.

लग्नाच्या कामासाठी पहिली अट हीच. कॅमेऱ्यात दोन कार्डे बसली पाहिजेत आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीवर उतरला पाहिजे. २०१८ साली कॅननने ईओएस आर आणि निकॉनने झेड ६ हे मोठ्या सेन्सरचे कॅमेरे आणले, त्यांत कार्डाची जागा एकच होती. लग्नाचे काम करणाऱ्यांनी त्यावर नाके मुरडली. २०२० मध्ये आलेल्या कॅनन आर ६ आणि निकॉन झेड ६ मार्क टू मध्ये दोन कार्डांची सोय झाली. सोनीच्या २०१८ च्या ए ७ मार्क थ्री मध्ये ती आधीपासूनच होती. निकॉनच्या जुन्या डी ७५० मध्येही, २०१४ सालच्या, दोन कार्डे बसतात. म्हणजे ही चैन केवळ महागड्या नव्या कॅमेऱ्यातच मिळते असे नाही. मात्र नुसती जागा असून भागत नाही. पहिले कार्ड भरल्यावर दुसऱ्यावर जायचे, अशीही एक पद्धत कॅमेऱ्यात असते. ती बदलून दोन्ही कार्डांवर तीच प्रत उतरेल, असे आपणच मेनूत जाऊन ठरवावे लागते. आमच्या पाहण्यात असे फोटोग्राफर आहेत की ज्यांच्या कॅमेऱ्यात दोन कार्डे आहेत, पण ही सेटिंग त्यांनी कधी उघडून पाहिली नाही.

आता मेगापिक्सलचे. याचा बाजारात फार बोलबाला आहे. आपण सरळ हिशेब करू. लग्नाच्या अल्बमचे पान आजकाल १२ बाय १८ इंचांचे असते. उघडले की दोन पाने मिळून १२ बाय ३६. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके पुरतात. १८ इंचांना ५४०० आणि १२ इंचांना ३६०० ठिपके लागतात. त्यांचा गुणाकार सुमारे १ कोटी ९४ लाख, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सलच्या आत. २४ मेगापिक्सलचा कॅमेरा साधारण ६००० बाय ४००० ठिपक्यांचा फोटो देतो. म्हणजे पूर्ण पानभर एकच फोटो छापला तरी तो पुरून उरतो. आणि पानभर एकच फोटो अल्बममध्ये असतात तरी किती? बाकी पानांवर चार-चार, सहा-सहा फोटो असतात. ४५ मेगापिक्सल घेतले तर कार्डे लवकर भरतात, संगणक रेंगाळतो आणि फोटो ठेवायला हार्ड डिस्क दुप्पट लागतात. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही तो नाहीच.

भाचा म्हणाला, "मग पैसा घालायचा कशावर?"

पैसा घालायचा काचेवर, म्हणजे लेन्सवर. आमच्याकडील लग्ने कुठे लागतात? उन्हाळ्यात नागपुरात पारा पंचेचाळिशी गाठतो, म्हणून लोक लग्न संध्याकाळवर ढकलतात. दिवस मावळताना वऱ्हाड येते, तोवर अंधार पडतो. वर काळे आभाळ, मंचावर रंगीत दिवे, खाली मंडपात काळोख. हॉलमध्ये फ्लॅशचा उजेड छतावर मारून तो खाली मऊ पाडता येतो. पण लॉनवर छत कुठले? तिथे लेन्सने उजेड ओढून घ्यावा लागतो.

कॅमेऱ्याबरोबर जी स्वस्त लेन्स मिळते तिचे तोंड झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड आत घेते. एफ १.८ ची घेतली तर जवळजवळ दहापट. हा आकडा जेवढा लहान तेवढे लेन्सचे तोंड मोठे, हे ध्यानात ठेवावे. अडीच लाखांच्या कॅमेऱ्याला स्वस्त लेन्स लावणे म्हणजे भारी सुटावर तुटकी चप्पल घालणे. त्यापेक्षा लाखाच्या आतला कॅमेरा आणि त्याला एफ २.८ ची २४-७० किंवा २८-७५ मिलिमीटरची झूम लेन्स, शिवाय एक ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, एवढ्यात लग्नाचे बहुतेक काम होते. टॅमरॉन आणि सिग्मा या कंपन्यांच्या लेन्स कॅमेरा कंपनीच्या लेन्सपेक्षा स्वस्त पडतात आणि कामाला कमी नाहीत. शिवाय कॅमेरा चार-पाच वर्षांत बदलावा लागतो, चांगली लेन्स जपली तर त्याच्या दुप्पट काळ चालते.

सेन्सर मोठा असावा की लहान, हाही प्रश्न निघाला. ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जुन्या रोलमधल्या एका फोटोएवढा. लहान सेन्सरच्या दुपटीहून जास्त त्याचे क्षेत्रफळ. त्यामुळे कमी उजेडात फोटोवर दाणे कमी येतात. रात्रीच्या लग्नांसाठी तो घ्यावा हे खरे. पण फुल फ्रेम आणि स्वस्त लेन्स, की लहान सेन्सर आणि चांगली लेन्स, अशी वेळ आली तर आम्ही दुसरे निवडू.

आता एक गोष्ट खास आपल्या कार्यांबद्दल. आपल्या मंगल परिणयात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात. कॅमेऱ्याच्या आतले मोजमाप समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. समोर पांढरी साडी, पांढरा पोशाख, मागे पांढरा पडदा असला की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. साडी मळकट दिसते आणि चेहरा तर अंधारातच जातो. जाणता माणूस अशा वेळी मोजमापापेक्षा उजेड एखादा टप्पा वाढवून घेतो, पण साडीची जर आणि काठ धुऊन जाणार नाहीत एवढे भान ठेवून. मिररलेस कॅमेऱ्याचा इथे मोठा फायदा आहे. फ्लॅशशिवाय काम चालू असेल तर फोटो कसा येणार हे बटण दाबण्याआधीच डोळ्यापुढच्या खिडकीत दिसते. जुन्या डीएसएलआरमध्ये आरशातून नुसते दृश्य दिसते, फोटो कसा आला ते नंतर कळते. आणि नवे मिररलेस माणसाचा डोळा हुडकून फोकस तिथेच धरून ठेवतात. वधूवर हार घालताना पुढे-मागे हलत असतात, तेव्हा याची किंमत कळते.

चेहऱ्याच्या रंगाबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. रोलच्या काळात कोडक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंगांचा ताळा जमवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे चित्र पाठवीत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की छपाई बरोबर, असा नियम. सावळ्या माणसाचा चेहरा कसा येतो याची पर्वा कित्येक वर्षे कोणी केली नाही. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड कोडकने १९९० च्या दशकात आणले. तो काळ गेला. आजचा कॅमेरा सावळा रंग उत्तम टिपतो. पण आता ते काम आपलेच लोक बिघडवतात. अल्बम बनवताना संगणकावर नवरीला पांढरीफटक करून टाकतात. आमच्या ओळखीच्या एका घरी अल्बम आला तेव्हा आजीने विचारले, "ही पोरगी कोणाची?" सगळे हसले. नवरी मात्र हसली नाही.

आम्ही भाच्याला सांगितले, "उन्हातान्हात राबलेल्या माणसांच्या पोटी आपण जन्मलो. आपला रंग हा दोष नाही. तो जसा आहे तसा, सुंदर, दाखवायला शिक. ज्याला ते जमत नाही तोच फोटो गोरा करतो." त्यासाठी कॅमेऱ्यात 'रॉ' फाईल ठेवावी, म्हणजे रंग आणि उजेड नंतर नीट दुरुस्त करता येतो. दुकानात कॅमेरा पाहायला जाताना बरोबर सावळा माणूस न्यावा, त्याला पांढरे कपडे घालावेत आणि दुकानाच्या कोपऱ्यात, कमी उजेडात त्याचा फोटो घेऊन पाहावा. दुकानदार दारातल्या फुलांचा फोटो घ्यायला लावील. फुलांचा फोटो कोणत्याही कॅमेऱ्याने चांगला येतो.

आपला विधी आटोपशीर असतो हीही ध्यानात ठेवण्याची गोष्ट. त्रिसरण, पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, जयमंगल अष्टगाथा. अर्ध्या-पाऊण तासात लग्न लागते. तेवढ्या वेळात फोटोवाल्याला लेन्स बदलायला फुरसत मिळत नाही. म्हणून लग्नात दोन कॅमेरे लागतात. एकावर झूम, दुसऱ्यावर ८५ ची लेन्स. दुसरा कॅमेरा जुना, स्वस्त असला तरी चालेल. पण मंचावर पहिला बंद पडला तर हातात दुसरा पाहिजे. वधूवरांना "पुन्हा एकदा हार घाला" असे एकदा म्हणता येईल, पण प्रतिज्ञा पुन्हा घ्या असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

वंदना चालू असताना कॅमेऱ्याची खटखट भंतेजींना आणि लोकांनाही खुपते. मिररलेसमध्ये आवाजाविना फोटो घेण्याची सोय असते. पण एक सावधगिरी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. अशा दिव्यांखाली बिनआवाजाच्या शटरने घेतलेल्या फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. म्हणून आधी दोन फोटो घेऊन ते मोठे करून पाहावेत. पट्टे दिसले तर साधे शटर लावावे आणि वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावा. भाचा हे वहीत उतरवून घेऊ लागला, तेव्हा बहिणीचा चेहरा थोडा सैल झाला.

"मग जुना कॅमेरा घेऊ का नवा?" त्याने विचारले.

त्याच्यासारख्या नवशिक्याने वापरलेला कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही, पण पारखून घ्यावा. पहिली गोष्ट शटरची. चांगल्या कॅमेऱ्यांचे शटर कंपनीने दीड लाख किंवा दोन लाख फोटोंपर्यंत तपासलेले असते. एका लग्नात दोन हजार फोटो धरले आणि वर्षाला ४० लग्ने केली, तर वर्षात ८० हजार होतात. म्हणजे "दोनच वर्षं वापरला" असे विकणारा म्हणतो, तेव्हा शटरने आपले आयुष्य संपवलेलेही असू शकते. म्हणून वर्षे विचारू नयेत, शटर किती वेळा उघडले तो आकडा पाहावा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर घेऊन सेन्सरवरचे डाग शोधावेत. लेन्समधून बॅटरीचा झोत पाडून आत बुरशीचे जाळे आहे का पाहावे. पावसाळी हवेत आणि कोकणपट्टीत हा रोग फार. दोन्ही कार्डे घालून पाहावीत, फ्लॅश लावून पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूळ पावती मागावी व तिच्यावरचा नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी ताडून पाहावा. चोरीचा माल स्वस्त मिळतो, पण पोलीस आपल्याच दारात येतात. नवा घेतला तरी पक्क्या पावतीशिवाय घेऊ नये. पावती नाही तर वॉरंटी नाही.

कंपनी कोणती, यावर तरुण मंडळी तासन् तास वाद घालतात. कॅनन, निकॉन, सोनी, तिन्ही कंपन्यांचे चांगले कॅमेरे लग्नाचे काम करतात. आमचे म्हणणे एवढेच की ज्यांच्याबरोबर तू काम करतोस त्यांच्याकडे जी कंपनी आहे ती घे. अडचणीच्या वेळी लेन्स उसनी मिळेल, बॅटरी मिळेल. दुरुस्तीचे केंद्र आपल्या शहरात किंवा जवळ आहे का, ते पाहा. आणि घेण्याआधी तोच कॅमेरा दोन-तीन लग्नांना भाड्याने आण. भाड्याचे पैसे वाया जात नाहीत, ते चुकीच्या खरेदीपासून वाचवतात.

आता पैशाचा हिशेब. वहीचे कोरे पान फाडून आम्ही तिघे बसलो. दोन कार्डांचा वापरलेला फुल फ्रेम कॅमेरा ९० हजार. एफ २.८ ची वापरलेली झूम ४५ हजार. ५० ची एफ १.८ लेन्स १५ हजार. फ्लॅश १२ हजार. कार्डे, जादा बॅटऱ्या आणि बॅग १३ हजार. बेरीज १ लाख ७५ हजार. दुसरा कॅमेरा म्हणून त्याच्या उस्तादाचा पडून असलेला जुना कॅमेरा लग्नापुरता मागून घ्यायचा. अडीच लाखांत नुसता एक कॅमेरा आणि स्वस्त लेन्स येत होती. इथे पावणेदोन लाखांत काम सुरू करण्याइतका संसार उभा राहिला.

भाच्याजवळ त्याने साठवलेले ४० हजार होते. उरले १ लाख ३५ हजार. बँकेच्या कर्जाची गोष्ट आम्हीच काढली. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत 'शिशु' आणि ५० हजारांच्या वर पाच लाखांपर्यंत 'किशोर' असे कर्ज छोट्या धंद्याला मिळते. त्यासाठी घर किंवा दागिने तारण मागत नाहीत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही आपल्या तरुणांनी चौकशी करावी. कागदपत्रांना वेळ लागतो, चकरा होतात. पण चकरांना कंटाळून सावकाराकडे किंवा मोबाईलवर झटपट कर्ज देणाऱ्याकडे जाऊ नये.

इतका वेळ ऐकत बसलेली बहीण आता बोलली. "पावत्या दोन आहेत दादा. एक सव्वा लाखाची, एक पंचाहत्तर हजारांची. मोठीले मी हात लावणार नाही. ते माझ्या म्हातारपणाचे आहेत. लहान पावती देते. पण फुकट नाही. बचत गटात जसं लिहून घेतो तसं लिहून घेईन. दर महिन्याला द्यायचे."

भाच्याने आईकडे पाहिले. "देईन," तो म्हणाला. राहिलेल्या ६० हजारांसाठी बँकेत अर्ज करायचा ठरले. बहिणीने पिशवीतून बचत गटाची वही काढली, शेवटच्या पानावर मुलाचे पूर्ण नाव लिहिले आणि रकमेपुढे त्याची सही घेतली. आमची साक्ष.

वाचकहो, ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. फोटोवाल्याला विसार देण्याआधी चार गोष्टी विचारा. तुमच्या कॅमेऱ्यात फोटो दोन कार्डांवर उतरतात का? दुसरा कॅमेरा बरोबर असतो का? लग्नाच्या रात्रीच फोटोंची दुसरी प्रत करता का? चेहऱ्याचे रंग जसेच्या तसे ठेवाल का? जो या प्रश्नांवर चिडेल त्याला ऑर्डर देऊ नका. आणि फोटो हाती आल्यावर पेनड्राइव्ह कपाटात टाकून निर्धास्त होऊ नका. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. वडीलधाऱ्यांचे फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे नाव, नाते, तारीख लिहा. आपल्या आजोबा-पणजोबांचे चेहरे कसे होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? फोटो काढून घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ते चेहरे गेले. आपण मात्र आळसाने गमावू नयेत.

पुढे कर्ज मंजूर झाले, सामान आले आणि भाच्याने पहिले स्वतंत्र लग्न केले. फोटो घेऊन तो आमच्याकडे आला. वधूवरांचे होते, हाराचे होते, वरातीचे होते. पण सुरुवातीचे दहा-बारा फोटो वेगळेच होते. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे. कोणी फेटा नीट करतो आहे, कोणी चष्मा पुसतो आहे, एक आजी पांढऱ्या पदराने वारा घेते आहे.

"हे आधी का घेतले?" आम्ही विचारले.

"मंचावर गर्दी झाली की म्हातारे माणसं मागे राहतात मामाजी," तो म्हणाला. "नवरा-नवरीचे फोटो तं सगळेच काढतात. म्हणून मी आधी यायचे काढून घेतो. दोन्ही कार्डांवर."

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पहिला हप्ता वहीत जमा झाला होता.